सतरा नंबरचा पैलवान

१

गुरुवारी सकाळी वसमतच्या व्यंकटराव पोस्टमास्तरांच्या घरात चोरी उघडकीला आली, आणि पहिल्या घडीपासूनच ती कुणाच्या डोक्यात नीट शिरेना. चोरी झाली होती खरी, पण कमी काहीच झालं नव्हतं. डब्यात अठ्ठेचाळीस कार्डं असायची. मोजली तर अठ्ठेचाळीसच भरत होती.

ही कार्डं जपानी पैलवानांची. व्यंकटराव तरुणपणी काडेपेट्यांचे छाप जमवायचे. चौऱ्याहत्तर साली एका मासिकातल्या पत्रमैत्रीच्या पानावरून त्यांनी ओसाकाच्या मोरीकावा नावाच्या माणसाला पत्र टाकलं, सोबत वाघ-छाप आणि बैलजोडी-छाप पाठवून दिले. उत्तरात काडेपेटीचे छाप आलेच नाहीत, आला एक टकला, उघडाबंब पैलवान. तेव्हापासून इकडून छाप जायचे आणि तिकडून पैलवान यायचे, अशी सत्तावीस वर्षं चालली होती. काही कार्डं जाड पुठ्ठ्याची होती, रंग रेषेबाहेर सांडलेले. तिकडची पोरं म्हणे ती जमिनीवर आपटून खेळायची, म्हणून पाठीवर मूठ, कात्री नाहीतर पंजा असं चिन्ह आणि लांबलचक आकडा. काही मात्र खऱ्या फोटोची, चकचकीत. लिपी वाचता येत नव्हती, म्हणून मास्तरांनी स्वतःच नावं ठेवली होती: लालतोंड्या, डोंगऱ्या, दातपाड्या. सतरा नंबरला तेवढं नाव सुचलं नव्हतं. बसकं नाक, चुरगाळून गेलेले पैलवानी कान, आणि डोळे पार मिटतील असं हसू.

त्या सतरा नंबरच्या जागी आज शेंदरी मारुती होता.

मागच्या खोलीत बाजेवर पडल्या पडल्या मिनाला सगळं ऐकू येत होतं. ती या घरची सून, बाळंतीण, आज सव्विसावा दिवस. बाजेखाली शेगडीत ओव्याची धुरी, कानाला घट्ट बांधलेला रुमाल, त्यामुळे जगातले सगळे आवाज तिला जरा लांबूनच यायचे. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. सासूबाई, रूपाबाई, सोमवारी कनेरगाव नाक्याला माहेरी गेल्या. भावानं, सुदामनं, पक्कं घर बांधलं होतं आणि येत्या रविवारी त्याची वास्तुशांत होती. जाताना त्या म्हणाल्या होत्या, "पंचफुला हाय तोवर मला घोर न्हाई."

पंचफुला मागच्या गल्लीत राहायची. बाळंतिणीला आणि लेकराला तेल चोळणं हे तिचं काम. आत्ताही ती पाय लांब करून बसली होती आणि कोमल, सव्वीस दिवसांची, तिच्या नडग्यांवर पालथी पडून हुंकार देत होती.

पडदा सरकला. मास्तर दारात उभे होते. एका हातात मारुतीचं चित्र, दुसऱ्या हातात जपानचं पत्र.

"पंचफुला, मागच्या आठवड्यात तू विचारलं व्हतंस न्हाई का, हा उघडा बाबा कोन म्हणून?"

"इचारलं व्हतं. लाजच न्हाई त्याला, म्हणलं."

"तो गेला. त्याच्या जागी हे ठेवलंय. आन् यावर काय हाय, बघ. तेलाचं बोट!"

पंचफुलानं आपल्या तेलकट हातांकडं बघितलं. मग मास्तरांकडं. "म्हंजे?"

"म्हंजे तूच सांग. या घरात तेलाचे हात कुणाचे?"

लेकराला कपड्यात गुंडाळून तिनं मिनाच्या कुशीत दिलं, हात पुसले, आणि मागच्या अंगणात उतरली. मास्तर मागोमाग फाटकापर्यंत गेले. पोस्टात काउंटरवरून बोलायची सवय, त्यामुळे त्यांचं हळू बोलणंही अर्ध्या गल्लीला जायचं. "उद्यापासून येऊ नको. अन् कार्ड परत आलं तर मी काही बोलणार न्हाई."

"सात बाळंतिणी हायेत माझ्याकडं, मास्तर," पंचफुलाचा आवाज आला, अगदी कोरडा. "ज्या हातात लोकं लेकरू देतात, त्या हाताला तुमी आज चोरटं म्हणले. दुपारपर्यंत साती घरी कळंल. आता मी कुणाचं लेकरू कोन्त्या तोंडानं मागू?"

फाटक वाजलं. कोमल रडायला लागली ती थांबेचना.

२

लेकराला पाजता पाजता मिना विचार करत होती आणि विचारांचा गुंता वाढत होता. चोरट्यानं चोरावं आणि पळावं. चोरून वर मारुती कोण ठेवून जातं? फसवायचं असतं तर कार्डासारखं कार्ड ठेवलं असतं. मारुती काय कुणाला जपानी वाटणार होता?

"मामंजी," तिनं हाक मारली, "तुमचा सतरा नंबर लई किमती हाय का?"

मास्तर पडद्याबाहेरच स्टुलावर बसले. राग ओसरून त्यांचा चेहरा आता हरवलेल्या माणसासारखा झाला होता. "किंमत कोण बघतंय, पोरी. मोरीकावानं लिहिलंय, तिकडं त्याच्या गावात जुन्या पैलवानांचं प्रदर्शन भरवून राहिले. या पैलवानाचं कार्ड तिकडं कुणाकडंच उरलं न्हाई. मला म्हणतो, फोटो काढून पाठव. सत्तावीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा काही मागितलं."

"शेवटचं कधी पाह्यलं तुमी ते?"

"मंगळवारी सकाळी डबा काढला, मोजले, अठ्ठेचाळीस. लिंबाचा पाला बदलला अन् ठेवून दिला. म्हंजे गेलं ते मंगळवारच्या नंतर. बुध अन् आज. या दोन दिवसांत घरात कोण आलं? पंचफुला, चहाला येणारा भिवाजी पोस्टमन, अन् आपला पोरगा शिवशंकर तर घरचाच."

"अन् आत्याबाई?"

"ती सोमवारीच गेली. मंगळवारी बराबर भरले. तिचा काय संबंध?"

हे तर खरंच होतं. मिनानं मारुतीचं चित्र मागून घेतलं. उदबत्तीच्या पुड्यातून निघतं तसं जाड पुठ्ठ्याचं चित्र, आकारानं कार्डाएवढंच. कोपऱ्यावर तेलाचं बोट स्पष्ट होतं. तिनं ते नाकाशी धरलं.

बाळंतिणीचं नाक फार तीक्ष्ण झालेलं असतं. पंचफुलाचं तेल म्हणजे लसूण, ओवा आणि वेखंड घालून कढवलेलं. सव्वीस दिवस मिनाच्या केसांना, उशीला, लेकराच्या टाळूला त्याचाच वास होता. या डागाला त्यातला एकही वास नव्हता. साधं गोडं तेल, आणि त्याखाली कापराची पुसट झुळूक. तिनं नखानं कडेला जरा खरवडलं. नखात नारिंगी भुकटी आली.

शेंदूर. मारुतीच्या छापलेल्या रंगावर कुणीतरी बोटानं खरा शेंदूर लावला होता, एकदा नव्हे, अनेक शनिवार.

हा मारुती उदबत्तीच्या पुड्यातून थेट डब्यात आला नव्हता. तो कुणाच्या तरी देवघरात बसलेला मारुती होता.

३

शिवशंकर संध्याकाळी एसटी डेपोतून आला तसा मिनानं त्याला पिशवीही ठेवू दिली नाही.

"अहो, आधी देवघरात जा अन् बघून या, मारुती हाय का."

"तूच बघ की."

"मला सव्वा महिना देवघराची पायरी चढायची न्हाई. लग्न करताना भटजीनं हे सांगितलं न्हाई का तुमाला?"

तो गेला आणि आला. "हायेत."

"कोन?"

"देव. सगळे देव हायेत."

"मी सगळे विचारले का? मारुती!"

"अगं, खंडोबा हाय, देवी हाय, बाळकृष्ण हाय. तिकडं अंधार किती! रोज दिवा लावतो न् बाहेर येतो मी. मोजदाद कशाला करू?"

"बॅटरी घेऊन जा."

दुसऱ्यांदा गेला तो जरा वेळानं आला. आता तो खांद्यावरचा टॉवेल उगाच हातात पिळत होता. "बाळकृष्णाच्या मागं भिंतीला टेकून एक मारुती असायचा. पुठ्ठ्याचा. तो न्हाई. भिंतीवर तेवढीच चौकोनी जागा काजळीवाचून स्वच्छ राहिली."

मारुती याच घरातला निघाला. पंचफुला देवघराच्या बाजूला फिरकतही नव्हती. ती मागच्या दारानं यायची, मागच्या दारानं जायची. भिवाजी ओसरीच्या पुढं कधी येत नसे. मग देवघरात हात घालणारं राहिलं कोण? मास्तर स्वतःचं कार्ड स्वतः कशाला चोरतील? सासूबाई मंगळवारी इथं नव्हत्याच.

राहिला तो समोर उभा होता, टॉवेल पिळत.

आणि मग तिला आठवलं. दिवाळीत याच माणसानं नांदेडहून येऊन सांगितलं होतं, मित्रानं सायबर कॅफेत कॉम्प्युटरवर दाखवलं म्हणून, की असली जुनी जपानी कार्डं परदेशात डॉलरवर विकली जातात. तेव्हा मास्तर इतके भडकले होते की बापलेक दोन दिवस एका पंगतीला बसले नव्हते.

"असं काहून बघतीस माझ्याकडं?" शिवशंकरनं विचारलं.

मिनानं कूस बदलली आणि लेकराच्या पाठीवर थोपटत राहिली. लेकराला झोप लागली होती, तरी थोपटत राहिली.

४

शुक्रवारी पंचफुला आली नाही. मिनानंच बसल्या बसल्या लेकराला तेल लावलं. कोमलनं असा काही गोंधळ घातला की शेजारची आजी भिंतीवरून म्हणाली, "माय, तेल लावून राहिली का लेकराला पिळून राहिली?" दोन घरांनी पंचफुलाला नको म्हणून सांगितल्याचं याच आजीनं वर कानावर घातलं. मिनाला जेवण गेलं नाही.

दुपारी भिवाजी आला. मास्तरांच्या हाताखाली वीस वर्षं पोस्टमन, आता दोघेही निवृत्त, रोजचा चहा मात्र चालू. मास्तर घरात नव्हते. भिवाजी ओसरीवर टेकला आणि पडद्याआडून मिनानं विषय काढला.

"काका, तुमीच घेतलं का कार्ड? खरं सांगा."

"घेतलं असतं बरं!" भिवाजी मोकळा हसला. "सतरा नंबर न्हाई, मी लालतोंड्या घेतला असता. सायबानं छप्पन्न वेळा मागूनबी दिला न्हाई. पण चोरून काय करू? घरी लावला तर सायेबच चहाला आल्यावर बघतील. चोराला एवढी तरी अक्कल पाहिजे का न्हाई?"

मिनालाही हसू आलं. "मंगळवारी ते मोजायला बसले तवा तुमी व्हतात?"

"व्हतो की. बोलून राहिलो होतो आमी, उसाच्या गाड्यांवरून. बोलता बोलता भरभर मोजले त्यायनं."

"बोलता बोलता? कार्डं बघत न्हाईत का?"

"बघायचं कशाला? पोस्टातला हात हाय तो. गठ्ठा उभा धरायचा, अंगठ्यानं कडा सोडत जायच्या. फर्र फर्र. शंभर पोस्टकार्डं अशी मोजली तर एक इकडंतिकडं न्हाई व्हायचं. नजर रस्त्यावर अन् मोजणी अंगठ्यात. सायबानं मोजताना कार्डाचं तोंड कधी पाह्यलं न्हाई."

मिनाच्या हातातली दुपट्याची घडी तशीच राहिली.

"अन् हे घ्या," भिवाजीनं पडद्याखालून एक स्टीलचा डबा आत सरकवला. "वाटेत पंचफुलाबाईनं दिला. तुमचाच हाय म्हणे, डिंकाच्या लाडवाचा. तोंड फुगलेलं व्हतं लई. मला म्हणली, त्यांचं त्यांना नेऊन टाक, मला त्या घरचं चमचाभर नको."

तो गेल्यावर मिनानं डबा उघडला. आत गुळाचा एक खडा होता.

ती कितीतरी वेळ त्या खड्याकडं बघत बसली. एवढी चिडलेली बाई. चोर म्हणून हाकललेली. तरी दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायला तिचा हात धजला नाही. आईनं लहानपणी हाताला लावलेलं वळण, रागालोभाच्याही आधीचं. कुणाच्या भांड्यातलं घेतलं, तर भांडं रिकामं ठेवायचं नाही. निदान साखरेचे चार दाणे. निदान गूळ.

निदान मारुती.

मारुती फसवायला ठेवलेला नव्हता. ज्यानं पैलवान उचलला, त्यानं जागा रिकामी राहू नये म्हणून पैलवानांचा देव तिथं बसवला होता. म्हणजे तो चोर नव्हताच. त्याला कार्ड परत ठेवायचं होतं. असं वळण पुरुषाच्या हाताला कुठलं? तिला हायसं वाटायला लागलं होतं तेवढ्यात कोमलनं दुपटं ओलं केलं. सेफ्टीपीन सापडेना. शिवशंकर सदऱ्याच्या खिशात हटकून एखादी टोचून ठेवायचा, म्हणून तिनं खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला.

पीन नव्हती. चौघडी केलेली पावती होती.

"नरसिंग फोटो स्टुडिओ, वसमत. एक फोटो, मोठा, काचेच्या फ्रेमसह. अंगरखा, फेटा व मिशी रंगवून. मूळ सोबत परत. शनिवारी मिळेल." वर तारीख सोमवारची.

५

शनिवारी सकाळी चहाचा कप हातात देताच मिनानं पावती नवऱ्यापुढं धरली.

"हे काय?"

"अरे हो! बरं झालं, मी इसरूनच गेलतो." शिवशंकरच्या चेहऱ्यावर चोरीचा लवलेशही नव्हता. "आईनं दिली जाताना. बसस्टँडवर जायच्या आधी स्टुडिओत गेली व्हती ती. आज फोटो सोडवून संध्याकाळच्या गाडीनं कनेरगावला घेऊन ये म्हणली. उद्या वास्तुशांतीला भिंतीवर लावायचा ना, आज्जाचा."

"कोन्त्या आज्जाचा?"

"आईच्या वडलांचा. ग्यानबा पैलवानांचा."

मिना उठून बसली. कानाचा रुमाल सैल होऊन खांद्यावर आला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"अहो, मला सातवा लागला तवा आत्याबाईनी एक गोष्ट सांगितली व्हती. म्हणल्या, दिवस गेले की बाईनं पोटातल्या लेकराला माहेरच्या मोठ्या माणसांचे फोटो दाखवावे. पण तुमच्या वेळी, म्हणल्या, माझ्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं. माझ्या बापाचा उभ्या जन्मात कुणी फोटो काढला न्हाई. मी अकरा वर्षांची व्हते तवा गेला, अन् आता डोळे मिटले तरी त्याचं तोंड नीट दिसत न्हाई." ती थांबली. "ज्याचा फोटोच न्हाई, त्याचा मोठा फोटो स्टुडिओवाला कशावरून करणार?"

शिवशंकरचा कप तोंडाशी तसाच राहिला.

"मामंजी!" मिनानं हाक मारली. "जरा आत या."

मास्तर आले. बाळंतिणीच्या खोलीत यायला संकोचून उंबऱ्यातच उभे राहिले.

"मंगळवारी तुमी अठ्ठेचाळीस मोजले," मिना म्हणाली, "पण पाह्यले न्हाईत. भिवाजीकाका सांगत व्हते. तुमच्या अंगठ्याला कडा लागल्या, अठ्ठेचाळीस कडा. मारुतीची कड कार्डाएवढीच जाड. तो मंगळवारी डब्यात व्हता म्हणूनच आकडा बराबर भरला. न्हाईतर सत्तेचाळीस भरले असते अन् तुमाला त्याच दिवशी कळलं असतं."

"म्हंजे कार्ड मंगळवारच्या आधी..." मास्तर अडखळले.

"मारुती आपल्या देवघरातला, त्यावर शनिवारच्या शनिवार शेंदूर लावलेला. लावणारं माणूस घरात एकच. तेलाचं बोट समईचं. पंचफुलाबाईच्या तेलाला लसणाचा वास असतो, याला न्हाई. सोमवारची पावती आत्याबाईनी यांच्याजवळ दिली. अन् ज्याच्या कार्डाचं तुमाला नाव सुचलं न्हाई..." तिनं पावतीकडं बघितलं. "त्याचं नाव आत्याबाईना ठाऊक व्हतं."

मास्तर उंबऱ्यावरच बसले.

"काय बोलतीस? तो ओसाकाचा पैलवान!"

"जा हो," मिना नवऱ्याला म्हणाली. "स्टुडिओ उघडला असंल."

६

तासाभरात शिवशंकर आला. वर्तमानपत्रात बांधलेली मोठी फ्रेम त्यानं बाजेच्या कडेला टेकवली आणि दोरी सोडली.

नरसिंग फोटोवाल्यानं जीव ओतून काम केलं होतं. अंगावर पांढरा अंगरखा चढवला होता, डोक्याला गुलाबी फेटा बांधला होता, ओठांवर झुपकेदार मिशी काढली होती. पण बसकं नाक तेच होतं. चुरगाळलेले कान फेट्याच्या खाली तसेच दोन्ही बाजूंनी डोकावत होते. आणि डोळे मिटतील असं ते हसू. सातासमुद्रापलीकडचा पैलवान कनेरगाव नाक्याचा कुणी ग्यानबा होऊन त्यांच्याकडं बघत होता, आणि गंमत म्हणजे त्याला तो अंगरखा-फेटा शोभतही होता. काचेच्या मागं पाकिटात सतरा नंबर सुखरूप होता.

मास्तरांनी मागच्या पाकिटातून कार्ड काढून हातात धरलं. मग म्हणाले, "चौऱ्याऐंशी साली आलं हे कार्ड. तवा मी तिला दाखवलं व्हतं. ती हातात घेऊन बघत राहिली, बघत राहिली. मी म्हणलं, काय बघतीस गं, तुझ्या माहेरचा हाय का? अन् हसलो. ती आत निघून गेली." त्यांनी चष्मा काढला. "सतरा वर्षं. मला एकदा सांगायचं तरी. काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी आधीच हसले व्हते ना, मामंजी," मिना हळूच म्हणाली.

शिवशंकर चुळबुळला. "आता काय करायचं? हा काही खरा आज्जा न्हाई. मामाला सांगायचं का?"

"तुझ्या आईला जे दिसलं ते दिसलं," मास्तर म्हणाले. "फोटो संध्याकाळी घेऊन जा. नीट ने, काच फुटल. कार्डाचा वेगळा फोटो मी सोमवारी मोरीकावाला पाठवतो. अन् आईला म्हणावं..." ते थांबले. "तू आल्यावर बोलतो म्हणावं."

ते उठले, टोपी घातली, पुन्हा काढली. फाटकापर्यंत गेले आणि परत आले.

"पोरी, पंचफुलाला काय म्हणू?"

"जे गुरुवारी म्हणलात त्याच्या उलट."

"तिला घरात बोलावून सांगतो."

"मामंजी, गुरुवारी तुमी घरात न्हाई म्हणलात. फाटकात म्हणलात."

मास्तरांनी टोपी घातली. मग चालू लागले. मिनानं लेकराला खांद्यावर घेतलं आणि वाऱ्याची पर्वा न करता मागची खिडकी बोटभर उघडली.

गल्लीत दुपारचं ऊन होतं. पंचफुला दारात तांदूळ निवडत बसली होती. मास्तर समोर जाऊन उभे राहिले तरी तिनं मान वर केली नाही.

"पंचफुला, कार्ड घरातच सापडलं. तू घेतलं नव्हतंस."

"मला ठाऊक हाय मी घेतलं नव्हतं. ते सांगायला आलात का?"

"माफी मागायला आलो."

"ऐकू न्हाई आलं."

"माफी मागायला आलो!"

"मला आलं हो ऐकायला. त्या पांढऱ्या घरातल्या बाईला न्हाई आलं. तिनं काल मला उंबऱ्यातूनच परत धाडलं."

मास्तरांनी गळा साफ केला. आणि मग पोस्टात पेन्शनवाल्यांच्या रांगेला हाका मारायचे तो काउंटरचा आवाज काढून ते म्हणाले, "पंचफुलाबाईनं माझ्या घरातून काहीएक घेतलं नाही! चूक माझी होती! मी नीट न बघता मोजलं!" पांढऱ्या घराची खिडकी उघडली. शेजारच्या आजीचं डोकं भिंतीवर आलं. वरच्या गच्चीवर कुणीतरी वाळवणाच्या चादरीआडून बघायला लागलं. "आणि त्या बाईचे हात माझ्या नातीला लागतात, यापरीस चांगली गोष्ट माझ्या घरात नाही!"

पंचफुलानं सुपातला एक खडा वेचून लांब टाकला.

"एवढं लांबलचक बोलायला कुणी सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "साती घरी जाऊन हेच बोला. तुमी चालत. मी न्हाई येणार संगं."

मास्तर मुकाट्यानं पांढऱ्या घराकडं वळले. खिडकीपाशी उभी मिना रडत होती की हसत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिसऱ्या घरापासून पुढं काय झालं ते तिला दिसलं नाही, पण मास्तर दिवे लागायला परत आले तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता.

रविवारी पहाटे कुणी न सांगता मास्तर न्हाणीघरात चुलवणापुढं बसले. जन्मात त्यांनी पाणी तापवलं नव्हतं. धुरानं डोळे लाल झाले होते, धोतराला राख लागली होती. सात वाजले, सव्वासात झाले. मिना दाराकडं कान लावून बसली होती.

साडेसातला मागचं दार वाजलं. पंचफुला आत आली, कुणाकडं न बघता तिनं लेकराला उचललं, त्याच्या मानेच्या वळ्या बघितल्या आणि म्हणाली, "दोन दिवसांत काय हाल केले गं माझ्या बाईचे. कुणी तेल लावलं हिला, दगडानं?"

मग ती न्हाणीघराकडं गेली आणि तिनं पाण्यात कोपर बुडवलं.

"गार हाय," ती मास्तरांना म्हणाली. "अजून दोन लाकडं सारा."

आणि मास्तर वाकून फुंकर घालायला लागले.